देवाला ‘आई’ म्हणणं हे नवं फॅड?

मातृदिन जवळ आला की आमच्या चर्चच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक संदेश हमखास येतो: ‘बायबलमध्ये देव फक्त पिता आहे. त्याला आई म्हणणं हे पाश्चात्त्य स्त्रीवाद्यांचं फॅड असून आपल्याकडे ते देवीपूजेतून शिरलं आहे. येशूने “पिता” म्हणूनच प्रार्थना शिकवली.’ पश्चिमेकडून आलं की शेजारच्या देवळातून, हे लिहिणाऱ्याने आधी ठरवायला हवं होतं. असो, एकेक विधान घेऊ.

‘बायबलमध्ये नाही.’ यशया ६६:१३ उघडा. आई लेकराचं सांत्वन करते तसं मी तुमचं करीन, असं देव स्वतः म्हणतो. ४२:१४ मध्ये तो प्रसूतिवेदनांत असलेल्या बाईसारखा ओरडतो. होशेय १३:८ मध्ये तर पिल्लं हिरावलेली अस्वलीण आहे. हे आईपण काही गोंडस नाही. ‘या नुसत्या उपमा’ हे त्यावरचं ठरलेलं उत्तर. मग बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकातलं ३२:१८ पाहा. तिथे ‘सारखा’ नाही. ज्या देवाने तुला जन्म दिला त्याला तू विसरलास, असा सरळ आरोप आहे, आणि तिथलं हिब्रू क्रियापद बाळंतकळांनी तळमळण्याचं आहे. १६११ च्या ‘किंग जेम्स’ या इंग्रजी भाषांतरात त्याचं नुसतं ‘घडवलं’ झालं आणि कळा गायब झाल्या. हिब्रूत करुणेला ‘रहामीम’ म्हणतात. गर्भाशय म्हणजे ‘रेहेम’, दोन्हींचं मूळ एकच.

आमच्या बाजूचेही काही जण वाहवत जातात. आत्म्यासाठीचा हिब्रू शब्द ‘रूआख’ बहुधा स्त्रीलिंगी येतो, म्हणून पवित्र आत्मा स्त्री, असं ते सांगतात. हा पुरावा लंगडा आहे. ग्रीकमध्ये तोच आत्मा नपुंसकलिंगी होतो, लॅटिनमध्ये पुल्लिंगी. व्याकरणातल्या लिंगावरून देवाचं लिंग ठरत नाही, आणि हे ‘पिता’ म्हणणाऱ्यांनाही लागू आहे.

‘नवं फॅड.’ चौथ्या शतकात पर्शियातला, सिरियाक भाषेत लिहिणारा ख्रिस्ती लेखक अफ्राहात देवाला आपला पिता आणि पवित्र आत्म्याला आपली आई म्हणतो. ६७५ मध्ये स्पेनमधल्या तोलेदोच्या धर्मपरिषदेने पुत्र ‘पित्याच्या उदरातून’ जन्मला असं लिहिलं. मूळ लॅटिन शब्द गर्भाशयाचाच. तिथे बिशप जमले होते, महिला मंडळ नव्हे! १३७३ मध्ये दर्शनं झालेल्या, इंग्लंडमधल्या नॉर्विचच्या जुलियन या साध्वीने येशूला आई म्हटलं. १९७८ मध्ये पोप जॉन पॉल पहिले म्हणाले, देव आपला पिता आहे, त्याहूनही अधिक तो आई आहे. ते जेमतेम ३३ दिवस पोप होते, तेवढ्यातही हे बोलून गेले.

‘देवीपूजेतून शिरलं.’ इथे नारायण वामन टिळकांना साक्षीला बोलावतो. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने ख्रिस्ताला आई म्हणून, गुरू म्हणून आळवलं. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. म्हणजे इथल्या मातीचा वास त्या हाकेला आहे, हे कबूल. पण तो देवीचा नाही, वारीचा आहे. विटेवरच्या पुरुष देवाला ‘विठाई’ म्हणणाऱ्यांना त्याच्या मिशा आहेत की नाहीत हा प्रश्न पडत नाही.

शेवटचं विधान खरं आहे: येशूने ‘पिता’ म्हणूनच प्रार्थना शिकवली. ती मीही रोज म्हणतो. पण यरुशलेमकडे पाहून, कोंबडी पिलांना पंखांखाली घेते तसं तुला घ्यायचं होतं, असं म्हणणाराही तोच (मत्तय २३:३७). आणि लूकच्या १५ व्या अध्यायात हरवलेल्याला शोधणाऱ्या देवाच्या तीन गोष्टी त्याने ओळीने सांगितल्या. मेंढपाळावर आणि उधळ्या मुलाच्या बापावर आपण किती उपदेश ऐकले! या दोघांच्या मधोमध एक बाई आहे. दहांतलं एक नाणं हरवलं म्हणून ती दिवा लावते, घर झाडून काढते, आणि सापडल्यावर शेजारणींना बोलावते.