‘खोकला शंभर दिवस राहतोच’ : खुलासा

कर्नाटकातल्या निपाणी, चिकोडी, खानापूरकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘पावसाळी खोकला १०० दिवस राहतोच. आलं-मधाचा काढा घ्या, दवाखान्याची गरज नाही.’

अर्धं खरं आहे. सर्दीनंतरचा खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळतो. पण ‘शंभर दिवसांचा’ म्हणतात तो डांग्या खोकला. तो जंतूंचा, तान्ह्या बाळाच्या जिवावर बेतणारा. आणि क्षयरोग कार्यक्रमाचा नियम असा की २ आठवडे खोकला टिकला की बेडका तपासायचा. सरकारी दवाखान्यात तपासणी फुकट, औषधंही. (चिठ्ठी कन्नडमध्ये असली तरी बिचकू नका, ‘क्षय’ तिकडेही क्षयच.)

निपाणीत विड्या वळणाऱ्या बायका ‘तंबाखूची धूळ आहे ओ’ म्हणत महिनोन्‌महिने पदरात खोकतात. धुळीनं खोकला येतो, खरंय. पण क्षयाचा खोकलाही तसाच ऐकू येतो. नुसत्या कानानं तो डॉक्टरलाही ओळखता येत नाही.

बेडक्यात रक्त, धाप, छातीत दुखणं, संध्याकाळचा ताप, वजन उतरणं, यातलं काही दिसलं तर २ आठवडेही थांबू नका.

काढ्याला ना नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र मध चाटवू नका.