कळवू नका, थेट या!

तुमचं आयुष्य फार आखीव झालंय का? सोमवारी काय, गुरुवारी काय, सगळं आधीच ठरलेलं? मग जरा उत्स्फूर्त जगायला शिका. त्याला पैसा लागत नाही, शिकवणी लागत नाही. कोल्हापुरात एखाद्या नातेवाइकाचं घर असलं की झालं. अंबाबाईच्या देवळापासून चालत जाता येईल असं असेल तर फारच उत्तम. आमच्यासारखं.

सुरुवात अशी करा. रविवारी पहाटे पुण्यात जाग आली की अंथरुणातच जाहीर करा, "चला, अंबाबाईला जाऊ!" आदल्या रात्री अजिबात ठरवायचं नाही, त्यानं मजा जाते. शेजारचं जोडपं लिफ्टमध्ये भेटलं तर त्यांनाही गाडीत घाला. साताऱ्याच्या पुढं रस्त्याचं काम कुठं चाललंय आणि गाड्या कुठून वळवल्यात ते कुणालाच माहीत नसतं, त्यामुळं तिथंही रंगत येते.

देवळाजवळ पोचल्यावर पार्किंग शोधून मूड घालवू नका. ज्याच्या गेटवर सावली आहे त्याच्या गेटवर लावा.

दर्शनाची रांग लांब दिसली तर मुखदर्शन घ्या. वाचलेला वेळ आमच्याकडं घालवता येतो.

वाढदिवसाचं सरप्राइज रात्री बारालाच द्या, म्हणजे अख्ख्या गल्लीला मिळतं.

आता मुख्य मुद्दा. दुपारी साडेबारा ही यायची खरी वेळ. घरच्यांची जेवणं उरकत आलेली असतात, भाकरीची परात धुवायला पडलेली असते. तेव्हा बेल वाजवायची आणि सगळ्यांनी एका सुरात ओरडायचं, "सरप्राइज!" गेल्या रविवारी आमच्या दारात हा सोहळा झाला. नणंदबाई, त्यांचे यजमान, दोन मुलं, सासूबाई, आणि मी जन्मात कधी न पाहिलेलं त्यांच्या सोसायटीतलं एक जोडपं. आमचे हे दारातूनच गरजले, "जेवल्याशिवाय कुणी हलायचं नाही!" आणि एवढं मोठं काम केल्यावर दमून सोफ्यावर बसले.

नणंदबाई स्वयंपाकघरात डोकावून म्हणाल्या, "वहिनी, उगीच त्रास घेऊ नका हं. साधाच तांबडा-पांढरा करा."

साधाच!

रविवारी दुपारी मटणाच्या दुकानात काय उरतं हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. ते आणायचं, धुवायचं, हळद-मीठ-आलं-लसूण लावून शिजायला ठेवायचं. अळणी रस्सा निघाल्याशिवाय ना तांबडा होतो ना पांढरा. निघाला की त्याचे दोन भाग. एकात खसखस, काजू, तिळाचं वाटण आणि नारळाचं दूध. ते दूध फुटू नये म्हणून चमचा हलवत गॅसपाशी उभं राहायचं, तिथून हलायचं नाही. दुसऱ्यासाठी कांदा-खोबरं भाजून वाटायचं, चटणी घालायची, तर्री आली पाहिजे. नाहीतर पुण्यात जाऊन सांगणार की आता कोल्हापुरातही पूर्वीसारखं मिळत नाही. मटणाचं सुकं वेगळं. भाकरी वेगळी. सोसायटीतल्या बाई शाकाहारी, पण "मला काहीही चालतं", म्हणून अख्खा मसूर. धाकट्याला तिखट सोसत नाही, तो मला विचारतोय, "मामी, मॅगी आहे?" मधल्या काळात बाहेरच्या खोलीतून मोठमोठ्यानं चर्चा ऐकू येतेय की माणसानं कसं क्षणात जगलं पाहिजे, उद्याचा विचार करून करूनच आपण म्हातारे होतो.

मी तो क्षण ढवळत होते.

आणि ताटं वाढली. तांबडा वाटीत, पांढरा वाटीत, सुकं, लिंबू, कांदा. यजमानांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि थांबले. "अरे, आपण जेवून जोतिबाला जायचं म्हणत होतो ना? मग कसं खायचं?"

सगळ्यांचे हात वरच्या वर. देवाला जायचं तर मटण कसं खाणार, बरोबरच आहे! ही अक्कल साडेबाराला नव्हती. भाकरी मोडताना आली. "वहिनी, पिठलं टाका पटकन." टाकलं. पिठलं खाऊन, ढेकर देऊन सगळे गाडीत बसले आणि संध्याकाळी मला फोटो आला तो पन्हाळ्यावरून. कणसं खातानाचा! म्हणे जोतिबाला गर्दी फार असेल म्हणून ऐनवेळी बेत बदलला. आणि सोमवारी आमच्याकडं कुणी मटण खात नाही.

या गावात सूर्यसुद्धा न कळवता येत नाही. किरणोत्सवाच्या तारखा पोरासोरांना पाठ आहेत. 9, 10, 11 नोव्हेंबर, आणि पुन्हा 31 जानेवारी, 1 आणि 2 फेब्रुवारी. मावळतीची किरणं पहिल्या दिवशी देवीच्या चरणांवर, मग वर सरकत तिसऱ्या दिवशी मुखावर. ढग आले तर दर्शन हुकतं, पण तारीख तीच. नदीचंही तेच. पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांना इशारा देते आणि 43 ला धोका. आंबेवाडी-चिखलीची माणसं रोज आकडा बघून जनावरं हलवायची तयारी करतात. पावसाळ्यातली पंचगंगा आकडा देऊन येते आणि नणंदबाई नाहीत.

येताना किणीच्या टोलनाक्यावरचा सेल्फी नणंदबाईंनी स्टेटसला टाकला होता. मी नंतर पाहिला. म्हणजे फोन होता, रेंज होती, बोटं शाबूत होती. सगळ्या जगाला कळलं कुठं चाललात, फक्त जिच्या गॅसवर चाललात तिला नाही.

आणि यांच्याकडं पुण्याला गेलं तर? गेटवर वॉचमन फोटो काढतो, कुठून आलात विचारतो, वरून होकार आल्याशिवाय लिफ्टपर्यंत सोडत नाही. एकदा आम्ही वाटेत होतो म्हणून डोकावलो, तर दारातच ऐकलं, "अगं, आधी सांगायचं ना, आज आमचं सगळं ठरलेलंय." तेव्हा कुठं गेला होता क्षण?

अहो, फोन करा की! तुमची हौस आणि कांदे मी चिरायचे, याला उत्स्फूर्त म्हणत नाहीत, फुकटेपणा म्हणतात. पाहुण्यांचं मला वावडं नाही. या घरात तीस माणसांची पंगत मी हसत वाढली आहे, कारण ती येणार हे मला माहीत होतं. आदल्या दिवशी सांगा: किती जण, कोण खातं, कोण नाही, आणि जोतिबा जेवणाआधी की नंतर. एवढं जमत नसेल तर गावात खानावळी भरपूर आहेत, तिथं कुणालाही सरप्राइज द्या, पैसे मोजून. परत कधी "साधंच करा" म्हणालात तर साधंच मिळेल, पिठलं, आणि तेही एकदाच वाढणार. घरातल्यांनीही ऐकून ठेवावं. "जेवल्याशिवाय हलायचं नाही" हे ज्याला म्हणायचं असेल त्यानं आधी विळी घेऊन नारळ खवायला बसायचं.