प्लॉटिंगला आमची हरकत आहे, शहराला नाही

गावातल्या शेतजमिनीवर प्लॉट पाडायच्या नव्या ले-आऊटवर आम्ही काही जणांनी लेखी हरकत घेतली, तर लातुरातल्या मित्रांनी मला थेट 'विकासविरोधी' करून टाकलं. एकानं विचारलं, "तुमच्या बांधापाशी येऊन शहरानं थांबावं की काय?" नको थांबू दे. पण येताना पाणी कुठून घेणार, सांडपाणी कुठं सोडणार आणि ओढ्याचं पाणी कुठून जाणार, एवढं सांगून यावं. आमची हरकत एवढीच आहे. पुढं लांबण लावलीय, सवड असेल तर वाचा.

आधी एक सांगून टाकतो. 'काळी आई विकू नका' छापाचं भाषण मी करणार नाही. ते करणाऱ्यांपैकी निम्म्यांची स्वतःची जमीन कधीच विकून झालेली असते. जो विकतोय त्याच्याकडं बोट दाखवून काही मिळत नाही. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल जाहीर झाला. आडतीवर काय मिळालं ते लातूरच्या मोंढ्यात जाऊन विचारा. त्यात सप्टेंबरात मांजरा, तेरणा फुगल्या, काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात उभं राहिलं, शेंगांना जागेवर कोंब फुटले.

माझ्या एका चुलत्यांचीच जमीन या ले-आऊटमध्ये आहे. त्यांच्या वडलांना ही जमीन १९५० च्या हैदराबाद कुळकायद्यामुळं नावावर मिळाली, नाहीतर ते दुसऱ्याच्या रानात राबणारे कूळ. मी हरकतीवर सही केली त्या रात्री चुलते घरी आले. "तुझं बरंय बाबा, तुला एक तारखेला पगार पडतूया. मला कामून अडवायलास? पोरीचं लग्न तू लावून देणारेस का?" मी म्हणालो, "काका, तुमचा व्यवहार नाही अडवत, ओढा बुजवलाय तेवढा मोकळा करायला लावा." ते म्हणाले, "ते पार्टीला सांग." पार्टी म्हणजे इसार देणारे. त्यांची गाठ पडते ती इसार देताना आणि खरेदीखताला, मधे पडत नाही.

आता ओढा. आमच्या शिवाराचं सगळं उताराचं पाणी एका ओढ्यानं खाली जातं. बारमाही नाही, एरवी त्यात शेरडं चरतात, म्हणून शहरातून आलेल्या माणसाला ती नुसती खोलगट पडीक जागा वाटते. गावाच्या नकाशात तो ठळक दाखवलाय. प्लॉटिंगच्या रंगीत पत्रकात त्याच जागी 'नऊ मीटर रोड' आहे आणि कडेला झाडं काढलीत, नारळाची. लातूरला नारळ! उन्हाळ्यात जेसीबीनं काठ ढकलले, वर मुरूम ओतला आणि पाणी जायला खाली दोन सिमेंटच्या नळ्या टाकल्या. त्या नळीत तुरीची पेंढी घातली तर अडकेल, एवढं तिचं तोंड. सप्टेंबरच्या पावसात तेच झालं. वरच्या रानातला काडीकचरा वाहत आला, नळ्यांची तोंडं बंद झाली, आणि पाणी मुरमाच्या भरावाला टेकून मागं पसरलं. ज्यांनी एक गुंठाही विकला नव्हता त्यांच्या तुरी पिवळ्या पडून गेल्या. आमच्या काळ्या रानात पाणी साचलं की तुरीची मूळं गुदमरतात, हे शेताशी संबंध असलेल्या कुणालाही सांगायला नको. पंचनाम्यात मात्र कारण 'अतिवृष्टी' एवढंच लागलं. मुरमाचा रकाना त्या फॉर्मात नसतो.

दुसरं, पाणी. जमीन महसूल संहितेत कलम ४२-ड आलं, त्यानुसार गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतली, रहिवासाला योग्य ठरलेली जमीन रूपांतरण कर भरला की बिनशेती मानली जाऊ लागली. लोकांचे हेलपाटे वाचावेत हा हेतू चांगलाच होता. पण दुसरीकडं २००९ चा भूजल कायदा सांगतो की सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर, बोअर घ्यायचा नाही. आमच्या नळयोजनेची विहीर गावठाणाला लागूनच, ओढ्याच्या काठावर आहे. म्हणजे त्या २०० मीटरात विहिरीच्या बाजूला जो प्लॉट पडेल तो बहुतेक ५०० मीटरच्या आत येणार. एक कायदा म्हणतो घर बांध, दुसरा म्हणतो बोअर घेऊ नको, आणि पत्रकात मोठ्या अक्षरात लिहिलंय 'मुबलक पाणी'. ते पाणी कुठलं? प्रत्येक प्लॉटवाला आपापला बोअर घेणार, दुसरं कुठलं!

आमच्या खाली काळा पाषाण आहे. त्यात पाणी भेगांत आणि मुरमाच्या थरात सापडतं, त्याचं तळं नसतं. शेजाऱ्यानं खोल बोअर मारला की आपली विहीर उन्हाळ्यात कोरडी, हा अनुभव घराघरात आहे. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं, ते विसरायला अजून पिढी बदललेली नाही. तेव्हा लातूरला पाणी देणारं धनेगावचं धरण आटलं होतं. आता शहर वाढलं, त्याच्या काठाची गावं वाढली, आणि नजर पुन्हा त्याच धनेगावावर.

परवानगीचा प्रकारही बघा. ले-आऊटची मंजुरी जिल्ह्याच्या ठिकाणी, नगररचनेच्या शिफारशीनं होते. ग्रामपंचायतीला फार तर कागद येतो. नंतर दिवे, गटार, कचरा, नळ, हे सगळं निस्तरायचं ग्रामपंचायतीनं. घरपट्टी येते म्हणून सरपंच खूश, पण त्या घरपट्टीत गटार होतं का, याचा हिशोब कुणी मांडलेला मी पाहिला नाही.

मंजूर ले-आऊट निदान कागदावर तरी असतो. खरी गंमत त्याच्या पलीकडच्या गटात आहे. जमिनीचे छोटे तुकडे विकू न देणारा तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा. २०२३ ला जिरायतीसाठी २० आणि बागायतीसाठी १० गुंठे अशी किमान मर्यादा ठरली, तरी दलालांचं दहा-वीस जणांना एका खरेदीखतात बसवणं चालूच राहिलं. सातबारावर सगळ्यांची नावं सामाईक, जागेवर चुना मारून गुंठा-गुंठा वेगळा. ५०० चौरस मीटरच्या वर प्लॉटिंग असेल तर महारेराची, म्हणजे घर-प्लॉटच्या विक्रीवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाची, नोंदणी लागते, हे घेणाऱ्याला माहीत नसतं आणि विकणारा सांगत नाही. घेणारा कोण? उदगीर-अहमदपूरकडचा शिक्षक, एसटीतला वाहक, पोराच्या क्लाससाठी लातुरात आलेलं आणि भाड्याला कंटाळलेलं कुटुंब. 'लातूर पॅटर्न'नं पोरं डॉक्टर होतात, आईबापाला मात्र ओढ्यात प्लॉट मिळतो. उद्या पाणी घरात शिरलं की तेच आमच्या ग्रामपंचायतीपुढं येऊन ओरडणार, आणि त्यांचं चुकीचं नसणार.

आमच्या बाजूचेही सगळे धुतल्या तांदळाचे नाहीत, तेही सांगतो. हरकतीवर सही करणाऱ्यांत दोघं असे आहेत ज्यांचा गट रस्त्यापासून आत पडला म्हणून घेतला गेला नाही. उद्या त्यांना इसार मिळाला तर सही मागं घ्यायला तहसीलला पहिल्या गाडीनं जातील. एका पुढाऱ्यानं आमच्या बैठकीत शेती वाचवण्यावर तासभर भाषण केलं. त्याचं स्वतःचं प्लॉटिंग दुसऱ्या रस्त्यावर जोरात चालूय. त्यांना मी बाहेर काढत नाही, कारण ओढा मोकळा करायला त्यांचीही सही मोजली जाते.

२६ जानेवारीच्या ग्रामसभेत आम्ही ठराव मांडणार आहोत. ओढ्यातला भराव काढून नळ्यांच्या जागी पूल करावा, पिण्याच्या पाण्याची सामाईक सोय दाखवल्याशिवाय पुढचे प्लॉट विकू नयेत, आणि मंजूर नकाशातली १० टक्के मोकळी जागा कोणती, ते गावाला लेखी कळावं. यातली एकही मागणी चुलत्यांचा व्यवहार मोडत नाही. त्यांना तसं सांगितलं तर म्हणाले, "लिहून दे." तेही लिहून दिलं.

मला एक मदत हवीय. ओढा किंवा नाला मोजणीच्या नकाशावर हद्दीसकट दाखवून घेतलाय आणि नंतर भराव काढायला लावलाय, असं मराठवाड्यात कुणी केलं असेल तर कोणत्या कार्यालयात, कोणत्या अर्जानं झालं ते कळवा. भूमी अभिलेखवाले आम्हाला नगररचनेकडं पाठवतात आणि नगररचनावाले पुन्हा भूमी अभिलेखकडं.