कोणास भेटायचे आहे?

सकाळचे सहा वाजायला पाच मिनिटं कमी असतात आणि मी शाळेच्या बंद फाटकाशी उभा असतो. या आधी असा उभा राहिलो होतो तेव्हा सातवीत होतो आणि उशीर झाला होता. आता बावन्नाव्या वर्षी वेळेआधी येतो, तीन महिन्यांचे पैसे आगाऊ भरून येतो, तरी फाटक बंदच. वॉचमन रजिस्टर पुढे करतो. नाव, गाडी नंबर, वेळ आणि चौथा रकाना, 'कोणास भेटायचे आहे?' पहिल्या दिवशी मी प्रामाणिकपणे 'बॅडमिंटन' लिहिलं. वॉचमननं ते वाचलं आणि विचारलं, "ते कुठल्या वर्गाला शिकवतात?"

तसं पाहिलं तर हे फाटक आमच्यासाठी नाहीच. शाळेनं क्रीडागृह बांधलं तेच मुळी शाळेचं आणि आजूबाजूच्या नागरिकांचं म्हणून. प्रवेशद्वाराशी आर्किटेक्टचं रंगीत चित्र अजून लावलेलं आहे. त्यात एक आजी, फुगेवालं पोर, रॅकेट घेतलेला तरुण आणि योगासनं करणाऱ्या दोन बायका एकाच वेळी हॉलमध्ये आहेत आणि कोणी कोणाशी भांडत नाही. त्यावरूनच कळायला हवं होतं की हे पुण्यातलं चित्र नाही. आर्किटेक्टनं नागरिकांसाठी रस्त्याच्या बाजूनं वेगळं दार दिलंय. उतार दिलाय, स्वतंत्र स्वच्छतागृह दिलंय, म्हणजे शाळेतून जायलाच नको. त्या दाराची किल्ली ऑफिसात 'नागरिक' असं लेबल लावून खिळ्याला टांगलेली आहे. ऑफिस साडेदहाला उघडतं. आमची वेळ सहा ते सात. शिवाय दाराला आतून टेबल टेनिसची दोन टेबलं आणि गॅदरिंगमधल्या ऐतिहासिक नाटकाचं थर्माकोलचं सिंहासन टेकवून ठेवलंय, त्यामुळे किल्ली मिळाली तरी आधी सिंहासन हलवावं लागेल.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही ही कल्पना आहे. शाळा सुटल्यावर रिकाम्या राहणाऱ्या इमारती समाजाच्या उपयोगी पडाव्यात, अशा शाळांना 'सामाजिक चेतना केंद्र' म्हणता येईल, असं त्यात म्हटलंय. आमच्या केंद्रातली चेतना सव्वासहाला येते. तेव्हा मामा येतात.

शाळेतल्या शिपायांना मामा म्हणायची पद्धत आहे, पण हे मामा म्हणजे प्रकरणच वेगळं. हॉलची एक समिती आहे, तिची नियमावलीही आहे, पण हॉल चालवतात मामा. कुलूप उघडून ते दारातच खुर्ची टाकतात आणि म्हणतात, "सोल." लाकडी जमिनीवर काळे डाग पडतात, म्हणून डाग न पाडणारे बूट हवेत. मग एक हृदयरोगतज्ज्ञ, एक सीए आणि मी, तिघं भिंतीला धरून, एका पायावर उभे राहून मामांना तळवे दाखवतो. घोड्याला नाल ठोकतात तसं. मामा अंगठ्यानं सोल चोळून बघतात. सीएंचे बूट सहा हजारांचे, त्यांना दोनदा परत पाठवलंय. याच जमिनीवरून रविवारी तीनशे लोखंडी खुर्च्या फरफटत नेतात तेव्हा मात्र मामा चहाला गेलेले असतात.

आत गेल्यावर रेघा दिसतात. एकाच जमिनीवर चार खेळ बसवलेत. २८ बाय १५ मीटरचं बास्केटबॉल काळ्या रंगात, १८ बाय ९ चं व्हॉलीबॉल निळ्यात, मुलांच्या कबड्डीचं १३ बाय १० हिरव्यात, मुलींचं त्याच्याच पोटात केशरी आणि या सगळ्यांच्या अंगावरून आडवी टाकलेली आमची तीन बॅडमिंटन कोर्टं, पांढरी. नवा माणूस आला की पहिले आठ दिवस तो खेळत नाही, नकाशा वाचतो. आमच्यातले बँकेतून निवृत्त झालेले काका दीड वर्ष हिरव्या रेघेला सर्व्हिसची रेघ समजून खेळत होते. एकदा त्यांची सर्व्हिस मी 'आउट' दिली तेव्हा ते रेघेवर जाऊन उभे राहिले. "ही बघ, रेघेवर पडलंय." तेवढ्यात दारातून मामांचा आवाज आला, "काका, ती बोनस लाइन आहे." काकांनी शांतपणे विचारलं, "मग बोनस द्या की."

हॉलच्या मधोमध जाळीचा पडदा आहे. पडद्यापलीकडे सहा ते सात झुंबा. गाण्याचं आता काही वाटत नाही, माझा बॅकहँडसुद्धा ठेक्यात पडायला लागलाय. भांडण पंख्याचं आहे. शटलचं वजन जेमतेम पाच ग्रॅम. वर पंखा फिरला की तुम्ही मारलेलं शटल तुमचं राहत नाही, ते पंख्याचं होतं. मी एकदा पडद्याशी जाऊन नम्रपणे सांगितलं. झुंबावाल्या ताई म्हणाल्या, "काका, आम्हाला घाम येतो हो."

"अहो, घाम यावा म्हणूनच तर पैसे भरलेत!"

यावर त्या हसल्या आणि पंखा एकनं वाढवला. मला पंख्याचं नाही, 'काका'चं वाईट वाटलं. खरे काका माझ्या शेजारीच उभे होते.

गेल्या वर्षी पिकलबॉलवाले आले. हा खेळ १९६५ मध्ये अमेरिकेतल्या बेनब्रिज बेटावर निघाला. एका जुन्या बॅडमिंटन कोर्टावर खेळायला गेले, बॅडमिंटनचं सामान पुरेना, म्हणून हाताला लागलं त्यावर नवा खेळ काढला. "सामान नाही म्हणून नवा खेळ?" काका म्हणाले. "तसं असतं तर आपल्या कोर्टावर आजवर चाळीस खेळ निघाले असते." काकांना बॅडमिंटनचा वेगळाच अभिमान आहे. पुण्यातले इंग्रज अधिकारी हा खेळ खेळायचे आणि त्याला चक्क 'पूना' म्हणायचे, हे ते वॉचमनलाही ऐकवून झालेत. पण पंचाईत अशी, की पिकलबॉलचं कोर्ट आमच्या डबल्सच्या कोर्टाएवढंच असतं. त्यामुळे त्यांना बाहेरची नवी रेघ लागत नाही, आमचीच पुरते. फक्त नेट खाली लागतं. आमचं मध्यावर १.५२४ मीटर, त्यांचं ८६ सेंटिमीटर. ते रात्री नऊला उतरवतात, आम्ही सकाळी चढवतो. काका खिशातून स्टीलची टेप काढतात, एक जण वाकून 'शून्य' धरतो, दुसरा वाचतो, आणि यात सहा पस्तीस होतात.

त्यातही रोज हॉल मिळेल असं नाही. दाराशी फळा आहे, त्यावर मामांच्या सुवाच्य अक्षरात 'उद्या हॉल मिळणार नाही' एवढंच असतं. तारीख नाही, कारण नाही. तो 'उद्या' म्हणजे कालचा की आजचा, हे मामांनाच ठाऊक. दहावीचं केंद्र, रक्तदान शिबिर, डिसेंबरभर गॅदरिंगच्या तालमी. निवडणुकीत इथेच बूथ होतं. मी डाव्या सर्व्हिस कोर्टात उभं राहून मतदान केलं. या हॉलमध्ये माझा तेवढाच एक पॉइंट वादाशिवाय झालाय.

एका रविवारी फळा न वाचता सरळ आत गेलो. खांद्यावर रॅकेटची बॅग. दारातच एका उत्साही बाईंनी शर्टाला बिल्ला टोचला. वाचला तर 'वरपक्ष'. आत वधूवर मेळावा. मी काही बोलायच्या आत हातात उपम्याची बशी आली आणि समोर एक गृहस्थ बसले.

"मुलगा काय करतो?"

"मुलगा नाही. मुलगी आहे. सहावीत."

त्यांनी बिल्ल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग बॅगेकडे. आवाज खाली आला. "म्हणजे... स्वतःसाठी?"

उपमा चांगला होता. संपवूनच निघालो. घरी बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "काय उत्तर दिलंस?" मी म्हटलं, पंख्याच्या आवाजात नीट ऐकू आलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत वरचे दिवे बदलायला परांची बांधली. जागतिक स्पर्धांना छत बारा मीटर उंच लागतं, आमचं साडेसात, आणि त्यातही आडवा गर्डर. गेल्या आठ महिन्यांत कोर्टावर जेवढी शटलं पडली नसतील तेवढी त्या गर्डरवर चढली. दिवेवाल्या पोरानं वरून झाडू फिरवला आणि शटलांचा पाऊस पडला. मामांनी ती टेबलावर रांगेनं लावली. एकतीस शटलं, पिकलबॉलचे चार पिवळे चेंडू, एक स्क्रंची आणि सहामाहीच्या पेपरचं एक विमान, गुण दहापैकी दोन. बातमी ग्रुपवर गेली आणि तासाभरात सगळे पक्ष हजर. काकांनी सात शटलं बुडाच्या हिरव्या पट्टीवरून ओळखली. झुंबावाल्या ताईंनी स्क्रंची घेतली आणि पुन्हा पंख्याकडे पाहिलं. पिकलबॉलवाले म्हणाले, चेंडू आमचे, पण उरलेल्याचा निर्णय समितीनं करावा.

मामा म्हणाले, "शाळेच्या छतावर सापडलं, ते शाळेचं." आणि सगळं पिशवीत भरून पीटीच्या सरांकडे दिलं. विमानसुद्धा.

दुसऱ्या दिवशी आम्ही वर्गणी काढून नवा डबा आणला. सोल दाखवले, नेट मोजलं, सहा छत्तीसला खेळ सुरू झाला. तिसऱ्याच फटक्याला काकांनी उंच लॉब मारला. पडद्यापलीकडचं गाणं नेमकं थांबलं. सगळ्यांनी वर पाहिलं. खुर्चीतून मामांनीही.