खुलासा: तपकिरी पडलेलं पाणी आणि आरओ

नेरूळच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक व्हिडिओ फिरतोय. दोन सळ्या बुडवून करंट सोडला की नळाचं पाणी तपकिरी होतं, आरओचं (बारीक पडद्यातून गाळून क्षार काढणाऱ्या मशीनचं) स्वच्छ राहतं. म्हणून नव्या घरात आरओ हवाच, असं त्यात सांगितलंय. हे चूक आहे.

परवा एका विक्रेत्याने आमच्या ओट्यावर हाच प्रयोग केला. तो गाळ पाण्यातला नसतो, लोखंडी सळी झिजून उतरलेला गंज असतो. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, त्यामुळे वीज फारशी वाहत नाही आणि सळी झिजत नाही. मी त्या ग्लासात चिमूटभर मीठ टाकायला लावलं, तेही पाणी तपकिरी झालं!

नवी मुंबई महापालिकेचं पाणी मोरबे धरणाचं, म्हणजे पावसाचं. त्यात क्षार मुळातच कमी. भारतीय मानकानुसार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत क्षार चालतात. त्याखाली आरओ नको, असं राष्ट्रीय हरित लवादानेही (पर्यावरणाचे खटले पाहणाऱ्या न्यायाधिकरणाने) २०१९ मध्ये म्हटलं होतं, कारण आरओ बरंच पाणी मोरीत सोडतो. जंतूंसाठी यूव्ही (अतिनील किरणांनी जंतू मारणारा फिल्टर) पुरतो. बोअरवेलचं किंवा टँकरचं पाणी येत असेल, तर मात्र आधी प्रयोगशाळेत तपासून घ्या, मगच मशीन ठरवा.