डीएनएआर म्हणजे उपचार बंद नव्हे

‘सोलापुरात वृद्धाश्रमात असलेल्या आईसाठी डीएनएआर ठरवलं, तर तिचे उपचार थांबतील का?’ असं इथे विचारलं आहे. नाही. डीएनएआर म्हणजे ‘डू नॉट अटेम्प्ट रिससिटेशन’: हृदय थांबल्यावर सीपीआर, म्हणजे छाती दाबून ते पुन्हा सुरू करायचा प्रयत्न, करायचा नाही, इतकाच त्याचा अर्थ. ऑक्सिजन, अँटिबायोटिक, वेदनाशामक औषधं चालूच राहतात. सीपीआरमध्ये मिनिटाला १०० ते १२० वेळा छाती ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाबतात. ठिसूळ हाडांच्या बरगड्या त्यात मोडतात, आणि आजार शेवटच्या टप्प्यात असेल तर हाती फारसं काही लागत नाही.

घोळ होतो तो रात्री. डीएनएआरचा कागद पुण्यातल्या मुलाकडे, इकडे आश्रमात काम करणाऱ्या मावशी घाबरून १०८ ला फोन करतात. आलेल्या पथकाला काहीच माहीत नसतं, ते छाती दाबायला लागतात. म्हणून डॉक्टरांच्या सहीची नोंद आश्रमाच्या फाइलीत हवी, रात्रपाळीला तोंडी सांगितलेलंही हवं.

आई शुद्धीत असेल तर आधी तिलाच विचारा, कृपा करून! सर्वोच्च न्यायालयाच्या २०२३ च्या आदेशानुसार लिव्हिंग विल (पुढे कोणते उपचार नकोत, हे आधीच लिहून ठेवलेलं इच्छापत्र) दोन साक्षीदारांसमोर करून नोटरीकडून साक्षांकित करता येतं. एक प्रत महानगरपालिकेच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्या, एक फॅमिली डॉक्टरांकडे.