कल्पनेला लायसन्स नसतं

परवा रिव्ह्यूला आलेल्या एका कमिटच्या, म्हणजे कोडमधल्या बदलाच्या नोंदीच्या, तळाशी आमच्या टीममधल्या मुलीनं एक ओळ लिहिली होती: ‘सजेस्टेड-बाय’, आणि पुढं टेस्टिंगवाल्या पोराचं नाव. त्या पोरानं कोड लिहिलाच नव्हता. चहा पिताना तो एवढंच म्हणाला होता, “दर वेळी सगळा रिपोर्ट कशाला काढता? बदललेल्या रो तेवढ्याच काढा ना.”

ही पद्धत लिनक्स कर्नलवाल्यांची, म्हणजे लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा लिहिणाऱ्यांची. तिथं बग दाखवणाऱ्यासाठी ‘रिपोर्टेड-बाय’ आहे, कल्पना सुचवणाऱ्यासाठी ‘सजेस्टेड-बाय’. कारणही त्यांनी लिहून ठेवलंय, आणि ते अगदी व्यवहारी आहे: नाव दिलं तर माणूस पुन्हा मदतीला येईल.

आपल्याकडं मात्र “अरे, ओपन सोर्सच आहे ना”, म्हणजे कोड सगळ्यांना खुलाच आहे, म्हटलं की विषय संपला. एमआयटी लायसन्सचा, म्हणजे फार थोड्या अटींच्या परवान्याचा, कोड उचलला तर मूळ कॉपीराइटची ओळ ठेवावी लागते. पण तीच कल्पना घेऊन कोड नव्यानं लिहिला तर लायसन्स काही मागत नाही. खरी उचलेगिरी इथंच चालते, कारण पकडायला काही नसतं.

ॲपगेटचं प्रकरण आठवा. कीवान बेगी या कॅनडातल्या डेव्हलपरनं विंडोजसाठी हा पॅकेज मॅनेजर, म्हणजे सॉफ्टवेअर उतरवून बसवणारं साधन, लिहिला होता. 2019 मध्ये मायक्रोसॉफ्टनं त्याच्याशी बोलणी केली, डिसेंबरात मुलाखती घेतल्या, मग सगळं गप्प. मे 2020 मध्ये मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा पॅकेज मॅनेजर, विंगेट, जाहीर झाला. रचना बरीचशी ॲपगेटसारखी, आणि घोषणेत ॲपगेटचा उल्लेख जाता जाता. बेगीची तक्रार कोड नेल्याची नव्हतीच. ओपन सोर्स आहे, न्या म्हणाला. रुखरुख नाव न घेतल्याची होती. बोंबाबोंब झाल्यावर मायक्रोसॉफ्टनं चूक मान्य केली, ॲपगेटमधून काय काय घेतलं ते लिहिलं. पण तोवर त्यानं ॲपगेट बंद करायचं ठरवलं होतं. दोन वाक्यं आधी लिहायला काय जात होतं?

मैफलीत गवई उस्तादांचं नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावतो. त्यानं त्याचं गाणं कमी होत नाही. आमच्या धंद्यात मात्र दुसऱ्याचं नाव घेतलं की अप्रेझल कमी होईल अशी धास्ती.

मी सोवळा नाही. एका जुन्या नोकरीत माझी डिप्लॉयमेंटची कल्पना लीडनं क्लायंटला स्वतःची म्हणून सांगितली. त्याच कॉलवर मी म्यूटवर बसलो होतो. फार चिडलो. आणि पुढं दोनच वर्षांनी नोटीस पीरियडवरच्या एका सहकाऱ्याचं कॅशिंगचं डिझाइन मी नव्या फाइलमध्ये उतरवलं. कोडचा इतिहास ठेवणाऱ्या गिटमध्ये कुठली ओळ कुणाची ते ‘ब्लेम’ सांगतं, आणि तिथं आजही माझंच नाव दिसतं. गिट बिचारं लेखक आणि कमिट करणारा वेगळे नोंदवतं, पण ते सांगायची बुद्धी आपल्याला हवी.

तर त्या मुलीला मी विचारलं, “नाव टाकण्याआधी त्याला विचारलंस का?” (कर्नलचा तोही नियम आहे: गोष्ट खाजगीत बोलली गेली असेल तर परवानगी घ्या.)

“विचारलं ना सर. तो म्हणाला, आडनावसुद्धा टाक.”